बेदखलीचा हिशेब

‘बॉयकॉट’ हा शब्द मराठी माणसाला परका राहिलेला नाही. १९०५ च्या वंगभंगानंतर विलायती मालावरील बहिष्काराची चळवळ सुरू झाली, तेव्हा तो आपल्या सभांतून आणि वृत्तपत्रांतून रुळला. हे मुळात एका माणसाचे आडनाव होते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. तो माणूस हयात असतानाच त्याचे नाव सामान्यनाम होऊन युरोपातील अनेक भाषांत शिरले. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या माणसाच्या चरित्रात आणखी एका कारणाने रस वाटावा. कुळाला जमिनीवरून हुसकून लावणे हा मालकाचा कायदेशीर हक्क आहे असे मानले, तरी तो हक्क बजावण्याची किंमत किती पडते आणि ती कोणाला भरावी लागते, या प्रश्नाचे उत्तर त्या चरित्रात सापडते.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट याचा जन्म १२ मार्च १८३२ रोजी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील बर्ग सेंट पीटर या खेड्यात झाला. वडील तेथील धर्मोपदेशक होते. वूलिचच्या लष्करी विद्यालयात चार्ल्स दाखल झाला खरा, परंतु परीक्षेत न टिकल्यामुळे त्याला लवकरच बाहेर पडावे लागले. त्या काळी ब्रिटिश पायदळातील अधिकारपदे पैसे देऊन विकत मिळत. घरच्यांनी ४५० पौंड मोजून १८५० मध्ये त्याला एका पलटणीत जागा घेऊन दिली आणि पलटणीबरोबर तो आयर्लंडला आला. आजारपणामुळे दोन-तीन वर्षांतच ती जागा विकून त्याने लष्कर सोडले. कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत तो कधी पोचलाच नाही; ती उपाधी त्याला पुढे लोकव्यवहारात चिकटली. आयर्लंडमधीलच एका मुलीशी त्याने लग्न केले आणि तो शेतीकडे वळला.

पश्चिम किनाऱ्यावरील अकिल बेटावर सुमारे दोन दशके काढल्यावर १८७३ मध्ये तो मेयो परगण्यातील बॅलिनरोब गावाजवळ, लॉख मास्क सरोवराकाठी राहावयास आला. तेथील जमीन लॉर्ड अर्न या सरदाराची. या सरदाराची बहुतेक मालमत्ता दूर फरमॅना परगण्यात होती. मेयोतील सुमारे १,५०० एकरांचा कारभार त्याने बॉयकॉटकडे मुखत्यार म्हणून सोपवला. शिवाय सहाशेहून अधिक एकर जमीन बॉयकॉट स्वतः खंडाने कसत असे. म्हणजे एकाच वेळी तो धन्याचा वसुली कारभारी होता आणि गावच्या मजुरांवर अवलंबून असलेला मोठा शेतकरीही होता. पुढे त्याच्यावर जो प्रसंग गुदरला, त्याचे बीज या दुहेरी भूमिकेत आहे.

तो काही क्रूरकर्मा नव्हता. परंतु नियमांचा काटेकोर, हट्टी आणि कुळांशी सलगी न ठेवणारा होता. कोणाची कोंबडी त्याच्या जमिनीत शिरली, कोणी फाटक उघडे टाकले, तरी दंड ठोठावला जाई. अशा क्षुल्लक गोष्टी माणसे वर्षानुवर्षे मनात ठेवतात.

१८७७ पासून आयर्लंडमध्ये लागोपाठ वाईट हंगाम आले आणि १८७९ मध्ये बटाट्याचे पीक बुडाले. त्याच सुमारास अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्यामुळे शेतमालाचे भाव घसरत होते. खंड मात्र चांगल्या दिवसांतील ठरावाप्रमाणेच मागितला जात होता. देशातील निम्मी जमीन हजाराहून कमी घराण्यांच्या हाती होती, आणि बहुसंख्य कुळांना वर्षावर्षाच्या कराराने जमीन कसावी लागे. खंड थकला की नोटीस, आणि नोटिशीनंतर बेलीफ, हा क्रम १८४५ नंतरच्या महादुष्काळापासून लोकांच्या अंगवळणी पडला होता. ज्याच्या पुढाकाराने १८७९ मध्ये लँड लीग स्थापन झाली, तो मायकेल डेव्हिट याच मेयो परगण्यातला. त्याच्या आईबापांना त्याच्या बालपणीच घरातून काढून लावण्यात आले होते.

बेदखलीचा धाक नेमका कशावर टिकतो, हे लीगने अचूक ओळखले. एक कूळ काढले की दुसरे दोघे त्या जमिनीसाठी दारात उभे राहतात, ही मालकाची खरी ताकद होती. भुकेलेल्यांची आपसांतली स्पर्धा हेच त्याचे शस्त्र. ती स्पर्धाच थांबली, तर मालकाच्या हाती पडीक रान उरते. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत आयरिश नेते पार्नेल यांनी हाच मार्ग सांगितला. बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, परंतु बाजारात, रस्त्यावर, प्रार्थनामंदिरातही त्याच्याशी कोणी संबंध ठेवू नये, असा त्या सल्ल्याचा आशय होता.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी बॉयकॉटची परीक्षा सुरू झाली. कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली होती. लॉर्ड अर्न दहा टक्क्यांच्या पुढे जावयास तयार नव्हता. बॉयकॉटने अकरा कुळांविरुद्ध बेदखलीच्या नोटिसा काढल्या. पोलीस बंदोबस्तात बेलीफ निघाला. तीन नोटिसा बजावून झाल्यावर गावातील बायका चिखल, शेण आणि दगड घेऊन सामोऱ्या आल्या आणि त्या मंडळींना लॉख मास्कच्या बंगल्यात परतावे लागले. दुसऱ्या दिवशीचा प्रयत्नही फसला.

मग पार्नेल यांनी नव्या कुळासाठी सुचवलेली शिक्षा गावाने मुखत्यारालाच दिली. घरातील नोकर आणि शेतावरील गडी काम सोडून गेले. लोहाराने घोड्यांना नाल ठोकण्याचे नाकारले, धोबिणीने कपडे घेणे बंद केले, दुकानदारांनी माल देण्याचे टाळले, टपाल येईनासे झाले. काहींनी हे मनापासून केले, काहींनी शेजाऱ्यांच्या भीतीने. दोन्ही प्रकार होते हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्याच आठवड्यात जवळच्याच भागात लॉर्ड माउंटमॉरिस या जमीनदाराचा खून झाला होता, त्यामुळे वातावरणात दहशतही होती. बॉयकॉटच्या अंगाला मात्र कोणी हात लावला नाही. पीक शेतात उभे होते आणि काढावयास माणूस नव्हता.

ऑक्टोबरमध्ये त्याने आपली कैफियत लंडनच्या ‘टाइम्स’कडे पाठवली आणि एका खेड्यातले भांडण साम्राज्याचा प्रश्न होऊन बसले. जमीनदारांच्या पाठीराख्यांनी निधी उभारला. नोव्हेंबरमध्ये कॅव्हन आणि मोनहन या परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक पीक काढण्यासाठी आले. गाड्या भाड्याने मिळेनात, म्हणून क्लेअरमॉरिस स्टेशनपासून बॅलिनरोबपर्यंत त्यांना पायीच जावे लागले. त्यांच्या रक्षणासाठी सरकारने सुमारे एक हजार सैनिक आणि पोलीस तैनात केले. जॉन ओमॅली या स्थानिक पाद्र्याने लोकांना घरातच थांबवले, त्यामुळे सैन्याला लढावयास कोणी सापडले नाही. दोन आठवडे राबून बटाटे, सलगम आणि गुरांचे बीट काढले गेले. पिकाची किंमत सुमारे ५०० पौंड. मोहिमेचा खर्च १०,००० पौंडांच्या घरात गेल्याचा अंदाज त्या वेळी केला गेला. एका पौंडाच्या पिकामागे वीस पौंड खर्च, असे हे व्यस्त प्रमाण होते.

२७ नोव्हेंबर १८८० रोजी बॉयकॉट कुटुंबाने लॉख मास्क सोडले, तेही लष्कराच्या रुग्णवाहू गाडीतून, कारण दुसरा गाडीवान मिळेना. डब्लिनमध्ये ज्या हॉटेलात तो उतरला, त्याच्या मालकाला धमकीचे पत्र आले आणि तेथूनही त्याला निघावे लागले. इतरांना घराबाहेर काढण्यासाठी नोटिसा काढणारा मनुष्य दोन महिन्यांत स्वतःच बेघर झाला. ओमॅली यांनी सुचवलेला शब्द तोवर वृत्तपत्रांतून जगभर पसरला होता. १८८१ मध्ये अमेरिकेस जाताना त्याने आपले आडनाव गाळून केवळ चार्ल्स कनिंगहॅम हे नाव लावले. त्याच वर्षी तो मेयोला परतला. कालांतराने लोकांचा रागही निवळला. सरकारकडे त्याने नुकसानभरपाई मागितली, ती मिळाली नाही. १८८६ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातील फ्लिक्सटन येथे त्याने पुन्हा मुखत्यारीच पत्करली आणि १९ जून १८९७ रोजी तेथेच त्याचे निधन झाले. जन्मगावी त्याला मूठमाती देण्यात आली.

बेदखल्या लगेच थांबल्या असे नव्हे. परंतु १८८१ च्या कायद्याने रास्त खंड ठरवून घेण्याचा आणि खंड भरत असेपर्यंत जमिनीवर राहण्याचा हक्क कुळांना मिळाला. १९०३ च्या कायद्यानंतर सरकारी कर्जाच्या साहाय्याने कुळेच मोठ्या संख्येने मालक झाली. जमीन विकून मोकळे होणे हे बेदखलीपेक्षा किफायतीचे आहे, हे तोवर जमीनदारांनाही पटले होते.

आपल्याला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. बॉयकॉटच्या सहा वर्षे आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवून एका देशमुखाचे घर पाडले. गावाने सावकारांच्या दुकानातून माल घेणे बंद केले, त्यांची शेते कसण्याचे नाकारले. न्हावी, धोबी, चांभार यांनीही काम थांबवले. पुढच्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात दंगा झाला, खतपत्रे जाळली गेली, आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. आयर्लंडला जे नाव १८८० मध्ये सापडले, ती कृती आपल्या खेड्यांना आधीच ठाऊक होती. वाळीत टाकणे हा आपला फार जुना शब्द आहे.

आणि नेमके येथेच सावध झाले पाहिजे. मेयोमध्ये बहिष्कार दुबळ्यांनी सबळांवर टाकला. आपल्या गावकीने तो बहुधा उलट दिशेने वापरला. पाणवठ्याचा किंवा वाजवी मजुरीचा हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांचे काम, किराणा आणि वाट बंद करणे हा सवर्ण जमीनमालकांचा हुकमी उपाय होता. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेपुढे अशा बहिष्काराला दंडनीय गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये संमत केला. मधल्या आठ दशकांत किती कुटुंबांनी हे सोसले, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

तेव्हा बॉयकॉटच्या चरित्रावरून बहिष्काराचे सरसकट गोडवे गाता येणार नाहीत. ज्याच्यापाशी जमीन, कोर्ट आणि पोलीस आहेत, त्याच्याशी व्यवहार न करणे ही एक गोष्ट; ज्याच्यापाशी दोन हातांखेरीज काही नाही, त्याचे जगणे बंद करणे ही दुसरी. जमीनमालकाने मात्र यातून आपल्यापुरता हिशेब मांडावा. न्यायालय हुकूमनामा देऊ शकते आणि पोलीस त्याची बजावणी करू शकतात. परंतु दुसऱ्या दिवशी शेतात गडी येईल की नाही, हे गाव ठरवते. वाईट हंगामात आणखी पंधरा टक्के सूट देण्याचे नाकारणाऱ्यांना ती सूट किती स्वस्त होती, हे लॉख मास्कच्या काठी दोन महिन्यांत कळून चुकले.