पुस्तक आधी डोक्यावर, मग डोक्यात

पोरगा सात-आठ वर्षांचा झाला, तरी वाचता येईना. मामा-मावश्यांनी आळीपाळीने शिकवून बघितलं, थकले आणि शेवटी आपसात ठरवून टाकलं, की हे पोर जरा कमीच दिसतंय. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगोतली, 1872-74 च्या सुमाराची ही गोष्ट. पोराचं नाव विली. म्हणजे विल्यम बटलर येट्स. 1923 चं साहित्याचं नोबेल ज्याला मिळालं, तोच!

विली तेव्हा आजोळी राहत होता. बाबा, जॉन बटलर येट्स, वकिली सोडून चित्रकार झालेले, त्यामुळे पैशाची कायम ओढाताण. ते चर्चला जात नसत. एका रविवारी विलीही अडून बसला, बाबा जात नाहीत तर मीही नाही. बरं, मग वाचायला बस, म्हणाले बाबा. पण मास्तर म्हणून हा माणूस भयंकर. चिडून पुस्तक थेट पोराच्या डोक्यावर भिरकावलं. पुढच्या रविवारी विली मुकाट चर्चमध्ये!

बाबांनी मात्र नाद सोडला नाही. शिकवणी रविवारऐवजी मधल्या वारी घ्यायला लागले आणि विलीला वाचता येईपर्यंत थांबले नाहीत. मला त्याच्या पुढचं जास्त भारी वाटतं. पोरगा वाचायला लागला म्हणून बाबांनी हात झटकले नाहीत. ते त्याला मोठ्याने वाचून दाखवत राहिले. आठ-नऊ वर्षांच्या विलीला मेकॉलेची रोमन वीरांवरची पद्यं ऐकवली, मग स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’. यमकाची गोडी त्याआधीच लागली होती, तबेल्यातल्या पोराबरोबर गवताच्या माळ्यावर बसून गाणी वाचताना. कविता त्याच्याकडे डोळ्यांपेक्षा कानांनी आली. मोठेपणीही तो ओळी पुटपुटत, गुणगुणतच रचायचा.

शाळेत यथातथाच. ट्रिनिटी कॉलेजला जायची घराण्याची परंपरा होती, बाबांचीही तीच इच्छा. विली नाही म्हणाला. ग्रीक-लॅटिन आणि गणितात आपण प्रवेश परीक्षा पास होणार नाही, हे खरं कारण त्याने सांगितलंच नाही. (बारावीत घरी काय काय सांगायचं नाही, याची यादी आपणही केलेली असते ना?)

हुशार असून वाचता न येणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलाबद्दल प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने लिहिलं ते 1896 मध्ये. तेव्हा येट्स तिशी ओलांडलेला, नाव झालेला कवी होता. त्याची कधी तपासणी झाली नाही, म्हणून आज डिस्लेक्सियाचा शिक्का मारण्यात अर्थ नाही.

याच येट्सने सत्तरीत, 1935-36 च्या हिवाळ्यात, मायोर्का बेटावर श्री पुरोहित स्वामींबरोबर बसून दहा उपनिषदं इंग्रजीत आणायचं काम केलं. स्वामी आपल्या बडनेऱ्याचे. आणि उपनिषदं म्हणजे शतकानुशतकं कानांनीच जपलेली! पुस्तक 1937 मध्ये आलं.

स्पेलिंग मात्र शेवटपर्यंत सुधारलं नाही. त्याच्या पत्रांचे खंड काढताना संपादकांनी त्या चुका तशाच ठेवल्यात.