चेंग मान-चिंग : आजारपणातून ताई चीकडे

पहाटे बागेत एका लयीत, अगदी सावकाश हात-पाय हलवणारी चिनी मंडळी आपण चित्रफितींत पाहिलेली असतात. ती ताई ची. मूळची ही युद्धकला. आज मात्र जगभर ती बहुतेक जण आरोग्यासाठी करतात. ती अमेरिकेत रुजवणाऱ्यांत चेंग मान-चिंग यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. या साधनेकडे त्यांना नेले ते त्यांच्या आजारपणाने.

चेंग यांचा जन्म १९०२ मध्ये चीनच्या चेजियांग प्रांतातला, वेनचौ परिसरातला. वडील लवकर वारले. लहानपणी डोक्यावर वीट पडून ते बराच काळ बेशुद्ध होते. प्रकृती मुळातच नाजूक. त्यामुळे त्यांना एका चित्रकाराकडे कामाला ठेवले. मुलाच्या हातात कला होती. किशोरवयातच त्यांची चित्रे विकली जाऊ लागली आणि घराला हातभार लागला. पुढे ते पेकिंग आणि शांघायमध्ये शिकवू लागले.

तिथेच क्षयाने गाठले. खोकल्यातून रक्त पडू लागले. क्षयावर परिणामकारक औषध जगात कुठेच नव्हते, तो हा काळ. विशीतल्या माणसासाठी हे निदान म्हणजे जवळजवळ मृत्यूची चाहूलच. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी ताई ची सुरू केली. बरे वाटू लागले, तशी कामाच्या गर्दीत सोडून दिली. दुखणे पुन्हा उलटले. हे असे एकदाच झाले नाही. बरे वाटले की साधना सोडायची, ही सवय आपल्यालाही नवी नाही! अखेर त्यांनी ती कायमची धरली आणि प्रकृती सावरली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ताई चीने क्षयाचे जंतू मरत नाहीत. आज या रोगावर औषधे आहेत आणि ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण घ्यावीच लागतात. चेंग स्वतः चिनी वैद्यकाचे जाणकार होते. औषध आणि व्यायाम यांत त्यांनी कधी वैर मानले नाही.

त्यांचे गुरू यांग चेंगफू हे त्या काळातील मोठे नाव. यांग सहजासहजी मर्म उलगडून सांगत नसत. त्यांच्या पत्नी गंभीर आजारी पडल्या, तेव्हा चेंग यांच्या औषधाने त्यांना गुण आला आणि त्यानंतर शिकवण्याचा हात सैल झाला, असे सांगतात. गुरूंची तक्रार मात्र एकच असे: अंग सैल सोडलेले नाही. रोज तेच ऐकावे लागे. मग एके रात्री चेंग यांना स्वप्न पडले की आपले दोन्ही हात तुटले आहेत आणि बाहुलीच्या हातांसारखे नुसते लोंबत आहेत. जाग आली तेव्हा सैल सोडणे म्हणजे काय, ते त्यांना उमगले.

ही सैलता म्हणजे आळस नव्हे. ताई चीत पाठ ताठ नसते, पण सरळ असते. गुडघे किंचित वाकलेले असतात. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर पूर्णपणे, सावकाश जातो. त्यामुळे मांड्यांना चांगलेच काम पडते. खांदे मोकळे राहतात, श्वास आपोआप खोल होतो आणि मन नाभीखालच्या भागात स्थिर ठेवायचे असते. चिनी परंपरेत ‘ची’ तिथे साठते असे मानतात. आपल्याकडच्या प्राणाच्या कल्पनेशी याचे नाते जाणवते, पण दोन्ही एकच आहेत असे मानण्याची घाई करू नये. तोल राखण्याबाबतचा लाभ मात्र तपासला गेला आहे. अमेरिकेत कंपवाताच्या १९५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल, केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा आणि स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, अधिक सुधारला.

जपानशी युद्ध सुरू असतानाच्या वर्षांत चेंग यांच्यावर अनेकांना थोड्या दिवसांत तयार करण्याची जबाबदारी आली. गुरूंचा क्रम लांबलचक. तो शिकायलाच महिनोन्‌महिने लागत. चेंग यांनी पुनरावृत्ती गाळून तो ३७ आसनस्थितींचा केला. जुन्या परंपरेतल्या अनेकांना हे रुचले नाही. आम्हाला मात्र वाटते की, आजारी आणि कामात बुडालेल्या माणसाची अडचण त्यांना स्वानुभवाने कळली होती. दहा मिनिटांत होणारी गोष्ट माणूस रोज करतो.

१९४९ मध्ये ते तैवानला गेले आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कला. तिथल्या चिनी वस्तीत त्यांनी वर्ग उघडला. बाहेरच्या लोकांना ही विद्या देऊ नये, असे काही चिनी मंडळींचे मत होते. चेंग यांनी गोऱ्या, काळ्या, लांब केसांच्या तरुणांनाही शिकवले. त्याच जागेत ते रुग्ण तपासत, सुलेखन शिकवत, जुन्या ग्रंथांवर बोलत. मद्याची त्यांना आवड होती, आणि शिष्यांनीही ती लपवलेली नाही.

१९७५ च्या मार्चमध्ये तैवानमध्ये त्यांचे निधन झाले. विशीत रक्ताची गुळणी टाकणारा तो शिक्षक सत्तरी ओलांडून गेला होता. न्यूयॉर्कमधल्या काही जुन्या चित्रफिती शिल्लक आहेत. लांब झगा घातलेले, किंचित हसणारे एक गृहस्थ त्यांत हलकेच वळतात, आणि मनगटे खरोखरच बाहुलीसारखी सैल दिसतात.