काट्याचा नायटा आणि डॉ. कार्टर

‘काट्याचा नायटा होणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. क्षुल्लक गोष्टीतून मोठा अनर्थ ओढवला की तो ओठांवर येतो. पण बोलताना डोळ्यांपुढे ना काटा येत, ना नायटा. ज्या कुणी तो पहिल्यांदा उच्चारला असेल, त्याला मात्र दोन्हींची ओळख असली पाहिजे. बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की वाटेत पाली लागते. जवळच बिंदुसरेचे धरण आणि भोवती बालाघाटाच्या उघड्या टेकड्या. बांधाबांधावर बाभळी. या भागात पायात काटा मोडणे ही काही सांगण्यासारखी बातमी नव्हे. सुईने काटा उकरायचा, वर हळद दाबायची आणि कामाला लागायचे. बहुतेक वेळा पुढे काहीच होत नाही. पण एखाद्या वेळी त्या काट्याबरोबर मातीतली बुरशी कातडीखाली जाते. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तिथे एक गाठ येते. ती दुखत नाही. म्हणून कुणी लक्ष देत नाही. मग पाऊल सुजते, त्याला जागोजागी छिद्रे पडतात आणि त्यातून पू वाहू लागतो. त्या पुवात खसखशीएवढे काळे, पांढरे किंवा लालसर दाणे असतात. तोवर बुरशी हाडापर्यंत पोहोचलेली असते.

या रोगाला वैद्यकात ‘मायसेटोमा’ म्हणतात. ग्रीक भाषेतील बुरशी आणि गाठ या अर्थांच्या शब्दांवरून हे नाव आले आणि ते ठेवले गेले आपल्या मुंबईत. ठेवणाऱ्याचे नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या याच माणसाने काढलेली चित्रे पाहत माणसाचे शरीर शिकल्या. तरीही त्याचे नाव विचारले तर शंभरातल्या नव्वद डॉक्टरांना थोडे थांबावे लागेल.

कार्टरचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर जलरंगातील निसर्गचित्रांसाठी ओळखले जात. समुद्र आणि जहाजे हा त्यांचा हातखंडा. धाकटा भाऊही पुढे चित्रकारच झाला. मुलाला मधले नावही मोठ्या चित्रकाराचे दिलेले. अशा घरातून हा मुलगा वैद्यक शिकायला लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. हातात कला होती, डोळ्यांत चिकाटी होती आणि खिशात फारसे काही नव्हते. त्याच्या रोजनिश्या आज लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतून दिसणारा तरुण स्वतःवर सतत नाराज असलेला, देवाधर्माच्या प्रश्नांनी गांजलेला आणि कामात मात्र तसूभरही कुचराई न करणारा आहे.

त्याच रुग्णालयात हेन्री ग्रे नावाचा वयाने थोडा मोठा, हुशार आणि महत्त्वाकांक्षी शल्यविशारद होता. त्याने शरीररचनाशास्त्राचे नवे पाठ्यपुस्तक काढायचे ठरवले आणि चित्रांसाठी कार्टरला गाठले. १८५६ आणि १८५७ या दोन वर्षांत दोघांनी मिळून प्रेतांचे विच्छेदन केले. ग्रेने लिहिले, कार्टरने चित्रे काढली. लाकडी ठोकळ्यांवर, छपाईसाठी उलटी. तीनशेहून अधिक आकृत्या. त्याने एक साधीच वाटणारी गोष्ट केली: स्नायूचे, धमनीचे, हाडाचे नाव कडेला आकडे घालून न देता त्या भागावरच लिहिले. विद्यार्थ्याचा डोळा चित्र आणि सूची यांमध्ये येरझाऱ्या घालायचा थांबला. पुस्तक १८५८ मध्ये निघाले आणि ‘ग्रेज ॲनाटॉमी’ म्हणून आजही नव्या आवृत्त्यांत निघते आहे. करार मात्र असा होता की ग्रेला खपलेल्या दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड. कार्टरला एकदाच दीडशे पौंड, पुढे काही नाही. शिवाय मुखपृष्ठाच्या प्रुफावर ग्रेने कार्टरचे नाव लहान अक्षरांत घ्यायला लावले. ग्रे १८६१ मध्ये, ऐन चौतिशीत, देवीच्या रोगाने वारला आणि पुस्तकाला कायमचे त्याचे नाव चिकटले.

पुस्तक दुकानात आले तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हताच. इंडियन मेडिकल सर्व्हिसची परीक्षा देऊन तो १८५८ मध्ये मुंबईला आला होता. उत्तरेत अजून उठावाचा धुरळा बसलेला नव्हता. ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होऊन जेमतेम बारा-तेरा वर्षे झाली होती. तिथे तो शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागला आणि शेजारच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात काम करू लागला. मायदेशी आपले नाव लहान अक्षरांत छापले गेल्याचे दुःख उगाळत बसायला त्याला सवड मिळाली नसावी. कारण रुग्णालयात त्याच्यापुढे ते पाऊल आले.

रोग नवा नव्हता. संस्कृत वैद्यकातील ‘वल्मीक’, म्हणजे वारुळासारखी छिद्रे पडलेली गाठ, हे याच रोगाचे वर्णन असावे असे अनेक अभ्यासक मानतात. १८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यातील गिल या डॉक्टरने त्याची नोंद केली होती आणि पुढे तिथूनच ‘मदुरा फूट’ हे नाव रूढ झाले. पण हा रोग होतो कशाने, हे कुणाला नीट सांगता येत नव्हते. कुणी तो हाडाचा क्षय मानी, कुणी बिघडलेल्या रक्ताचा दोष. उपाय एकच होता: पाय कापणे. पाय कापला की तो पुरला जाई, आणि त्याबरोबर पुरावाही.

कार्टरने कापलेले पाय पुरू दिले नाहीत. त्याने ते उभे चिरले, आतले मार्ग उकलले, हाडांत पडलेल्या पोकळ्या पाहिल्या आणि त्यांत गच्च भरलेले काळे गोळे बाहेर काढले. ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा एकमेकांत गुंतलेले धागे दिसले. धागे म्हणजे बुरशी. मग त्याने तेच केले, जे त्याला सर्वांत चांगले जमत होते: पाहिले तसे रंगांत उतरवले. मुंबईच्या वैद्यकीय सभेपुढे निबंध वाचून त्याने १८६० च्या सुमारास या रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. नाव गावाच्या ओळखीवरून सुटून कारणाच्या ओळखीवर आले. सजीव बुरशी माणसाच्या मांसात, हाडात घर करते आणि वर्षानुवर्षे वाढते, ही गोष्ट तेव्हा सहज पटणारी नव्हती. रोगजंतूंचा सिद्धांत अजून पाळण्यात होता. कॉखचे क्षयजंतू यायला वीस वर्षांहून अधिक अवकाश होता.

१८६३ मध्ये त्याची बदली साताऱ्याला झाली. तिथे तो सिव्हिल सर्जन होता आणि तुरुंगाचीही जबाबदारी त्याच्याकडे होती. सुमारे नऊ वर्षे तो तिथे राहिला. एखाद्या साहेबाने अशा बदलीवर शिकार आणि पत्ते यांत दिवस काढले असते. कार्टरने मुतखड्यांची सूक्ष्मरचना अभ्यासली, महारोग्यांच्या नोंदी केल्या. पुढे रजेवर गेला, तर तीही नॉर्वेला. कारण तिथे महारोगावर जगातले सर्वांत चांगले काम चालले होते. १८७४ मध्ये त्याचा मायसेटोमावरील ग्रंथ लंडनमध्ये निघाला. त्यातल्या रंगीत पाट्या त्याच्या स्वतःच्या हातच्या. दोन पिढ्यांची चित्रकला एका सडलेल्या पावलापुढे नम्र होऊन बसली होती.

विज्ञान मात्र कुणाच्या कलेला सूट देत नाही. काळ्या दाण्यांच्या पावलाशी संबंधित नमुन्यावर उगवलेल्या एका बुरशीला बर्कली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने कार्टर या आडनावावरून नाव दिले होते. ती नंतर बाहेरून आलेली साधी बुरशी निघाली, रोगाची नव्हे. पुढच्या काळात फ्रेंच संशोधकांनी दाखवले की काही दाण्यांतले जीव खरी बुरशी असतात, तर काही बुरशीसारखे दिसणारे जिवाणू. म्हणजे एकाच दिसणाऱ्या रोगाच्या पोटात दोन वेगळे रोग होते. पण काळे, फिके आणि लाल दाणे कार्टरने आपल्या चित्रांत इतके नेमके वेगवेगळे दाखवले होते, की नंतरच्यांना त्या रेषेवरूनच पुढे जाता आले.

१८७७ च्या दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि त्यांच्याबरोबर एक उलटून येणारा ताप आला. कार्टरने रुग्णांच्या रक्तात नागमोडी जंतू शोधला. या कामात तो ताप त्यालाही झाला. बरा होऊन तो पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी बसला. १८८२ मध्ये त्यावर त्याचा मोठा ग्रंथ निघाला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपदही त्याने सांभाळले. घरची बाजू मात्र पडकी राहिली. मुंबईत आल्यावर केलेले लग्न मनस्तापात आणि बदनामीत संपले होते. १८८८ मध्ये निवृत्त होऊन तो लहानपणच्या स्कारबरोला परतला, साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा संसार मांडला आणि ४ मे १८९७ रोजी क्षयाने वारला.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि कार्टरची चाकरी मुंबई इलाख्याची. पण त्याच्यापुढे आलेले पाय आणि आपल्याकडचे पाय यांत फरक नव्हता. शेतकऱ्याचे, मजुराचे, अनवाणी पाय. मी बँकेत असताना पीककर्जाच्या अर्जात गट नंबर, विहीर, बैल, मागची बाकी या सगळ्यांना रकाने असत. ज्या पायांवर ती शेती उभी असे, त्यांना रकाना नव्हता. वैद्यकाच्या जागतिक हिशेबातही तो फार उशिरा आला. जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ मध्ये. कार्टरच्या निबंधानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळाने.

आज पाय कापण्याआधी करण्यासारखे बरेच आहे. छिद्रातून येणारा दाणा काचेवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पुष्कळसा उलगडा होतो. गाठीचा तुकडा तपासता येतो, बुरशी वाढवून पाहता येते, क्ष-किरणाने हाड किती खाल्ले ते कळते. जिवाणूंचा प्रकार असेल तर प्रतिजैविकांनी बहुधा बरा होतो. खरी बुरशी असेल तर इट्राकोनॅझोलसारखी औषधे अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ घ्यावी लागतात आणि मधे शस्त्रक्रियाही लागते. म्हणून दोन प्रकार ओळखण्यात चूक झाली की रोग्याचे पैसेही जातात आणि पायही.

इथे खरा अडसर औषधाचा नाही, दिवसांचा आहे. बीड जिल्ह्यातली हजारो माणसे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्षभर चालणारे औषध आणि सहा महिन्यांनी बदलणारे गाव यांचा मेळ कसा बसायचा? टोळीतला एक कोयता घरी बसला की उचल फिटत नाही. न दुखणारी गाठ घेऊन माणूस फडात उभा राहतो, कारण दुखत नाही तोवर ती गाठ त्याच्या हिशेबात धरलीच जात नाही.

बुरशीला दुबळेपण बरोबर हेरता येते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आधीच मधुमेह, त्यात स्टिरॉइड. आणि नाकातून शिरलेली म्युकरची बुरशी बघता बघता डोळ्यापर्यंत पोहोचे. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. तेव्हाही निदानाची पहिली पायरी तीच होती: बाधित भागाचा तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धागे शोधणे. फरक एवढाच, की मायसेटोमा वर्षांची मुदत देतो आणि म्युकर दिवसांची. पालीत ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळते. अशा मुलांच्या प्रतिकारशक्तीचे कुंपण औषधांनी उभे ठेवले नाही, तर घशातल्या पांढऱ्या चट्ट्यांपासून मेंदूच्या आवरणापर्यंत बुरशी कुठेही शिरू शकते. रोज वेळेवर दिलेली गोळी हे त्या कुंपणाचे काम करते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रथमच धोकादायक बुरशींची यादी काढली. तीत १९ नावे आहेत. म्युकरचा गट आहे आणि कार्टरच्या मायसेटोमाच्या बुरशीही आहेत.

कार्टरला औषध सापडले नाही. त्याच्या हयातीत पाय कापले जात होते आणि नंतरही दीर्घकाळ कापले गेले. त्याने केले ते एवढेच, की ज्याकडे पाहून इतर तोंड फिरवत होते त्याकडे तो नीट पाहत बसला आणि जे दिसले ते दुसऱ्याला दिसेल असे मांडले. ते काम अजून संपलेले नाही. पालीच्या आरोग्य उपकेंद्रातली आशाताई, तालुक्याचा डॉक्टर, फडावरचा मुकादम, यांच्यापैकी कुणीतरी न दुखणाऱ्या गाठीकडे वेळेत पाहायला हवे आणि एक दाणा काचेवर ठेवला जाईल अशी सोय करायला हवी. त्याच्या आधी, शेतात जाणाऱ्या प्रत्येक पायात एक जोडा हवा. काट्याचा नायटा व्हायला वर्षे लागतात. ती वर्षे रोगाच्या पदरात टाकायची की रोग्याच्या, हे मात्र आपल्यावर आहे.