नाटककाराला हक्काचा वाटा मिळवून देणारा युजेन स्क्रिब

फ्रेंच नाटककार म्हटले की आपल्याला मोलिएर आठवतो, फार तर व्हिक्टर ह्यूगो. युजेन स्क्रिब हे नाव सहसा कुणी घेत नाही. पण एकोणिसाव्या शतकात पॅरिसची नाट्यगृहे भरली ती या गृहस्थाने. उभा जन्म बँकेत हिशेब पाहण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला तर त्याच्या नाटकांपेक्षा त्याच्या चोख व्यवहाराचेच जास्त कौतुक वाटते.

त्याचा जन्म २४ डिसेंबर १७९१ चा, पॅरिसचा. वडील रेशमाचे व्यापारी. ते मुलगा लहान असतानाच वारले. पोराने वकील व्हावे ही घरच्यांची इच्छा. कायद्याचा अभ्यास सुरूही झाला, पण त्याचे सगळे लक्ष नाटकात. विशीत लिहिलेली सुरुवातीची नाटके पडली. दुसरा कुणी असता तर गुपचूप वकिली करत बसला असता. हा लिहीत राहिला आणि १८१५-१६ च्या सुमारास एका छोट्या विनोदी नाटकाने त्याचे नशीब उघडले. १८२० मध्ये जिम्नाझ नावाचे नवे थिएटर निघाले, त्याचा तो मुख्य आधार झाला.

पुढे त्याने तीनशेच्या वर नाटके आणि ऑपेरांच्या संहिता लिहिल्या. एकट्याने एवढे कसे जमेल? बरेच लेखन तो जोडीदारांबरोबर करी. कुणी कल्पना द्यायची, कुणी संवाद, कुणी गाणी. विशेष म्हणजे जोडीदाराचे नाव जाहिरातीत येई आणि पैशातला वाटाही त्याला मिळे.

त्या काळी छोट्या नाटकांचे लेखक बहुधा ठोक रक्कम घेऊन मोकळे होत. नाटक शंभर रात्री चालले तरी फायदा थिएटरमालकाचा. स्क्रिबने तिकीटविक्रीवर टक्केवारी मागितली आणि मिळवली. १८२९ मध्ये नाटककार व संगीतकारांची संस्था उभी राहिली, तिच्या स्थापनेत तो पुढे होता. एकट्या लेखकाचे मालक ऐकत नाहीत, सगळे एकत्र आले की ऐकावेच लागते, हे त्याने ओळखले होते. ती संस्था आजही पॅरिसमध्ये काम करते.

त्याच्या लेखणीची ताकद एकदा भलतीकडेच दिसली. त्याच्या संहितेवरचा ओबेरचा ऑपेरा २५ ऑगस्ट १८३० रोजी ब्रुसेल्सला चालू होता. विषय परक्या सत्तेविरुद्धच्या उठावाचा. प्रेक्षक पेटून रस्त्यावर उतरले, दंगल झाली आणि तिथून बेल्जियमच्या स्वातंत्र्याची चळवळ भडकली. स्क्रिब स्वतः मात्र क्रांतिकारक वगैरे मुळीच नव्हता!

१८३४ मध्ये तो फ्रेंच अकादमीवर निवडून गेला. टीकाकार मात्र नाके मुरडत. पात्रांत खोली नाही, सगळी कसरत कथानकाची, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्यही होते. आज त्याची नाटके क्वचितच होतात. पण हरवलेले पत्र, दडवलेले गुपित, नेमक्या क्षणी उघडणारे दार, ही बांधणी त्याने पक्की केली. नॉर्वेचा इब्सेन तरुणपणी बर्गेनच्या थिएटरात काम करताना स्क्रिबची अनेक नाटके बसवत असे. त्याच इब्सेनच्या 'डॉल्स हाऊस'मध्ये पेटीत पडलेले पत्र सारा संसार उलटवून टाकते. अनंत काणेकरांनी 'घरकुल' या नावाने ते नाटक मराठीत आणले. म्हणजे स्क्रिबचे नाव न ऐकताही त्याची कारागिरी आपल्या रंगमंचापर्यंत पोचलेली आहे.

२० फेब्रुवारी १८६१ रोजी तो वारला. मागे भरपूर संपत्ती ठेवून गेला, तीही स्वकष्टाची. पण मला विचाराल तर त्याची खरी शिल्लक वेगळीच आहे. आपल्या पंचवीस वर्षांच्या सोसायटीत ती सांगायला हरकत नाही: आपला वाटा ठणकावून मागावा, दुसऱ्याचा न मागता द्यावा. रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व सभासद कुटुंबांना मनःपूर्वक शुभेच्छा.