ऊन-वाऱ्याची मोजदाद : अन्ना मणी

आमच्या सोलापुरात 'अण्णा' या हाकेला ओ देणारा मनुष्य गल्लोगल्ली सापडतो. मराठी घरातले वडीलधारे अण्णा, कानडी बोलणाऱ्यांचा थोरला भाऊ अण्णा आणि पूर्व भागातील तेलुगू बांधवांचाही अण्णाच! त्यामुळे भूगोलाच्या सरांनी माझ्या वहीत 'अण्णा मणी' असे दोन शब्द लिहून दिले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर धोतर-टोपीतले, हातात छत्री घेतलेले एक वयस्क गृहस्थ उभे राहिले. पुढे ग्रंथालयात छायाचित्र पाहिले, तो त्या निघाल्या साडी नेसलेल्या एक बाई! त्यांचे नाव मल्याळी. त्याचा उच्चार 'अन्ना' असा करणे अधिक बरोबर, म्हणून पुढे मी तसेच लिहिणार आहे.

सरांनी ते नाव का लिहून दिले, ते आधी सांगितले पाहिजे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मी शाळेत होते. श्रीवर्धनच्या बाजूला माझे आजोळ आहे. त्या एका दुपारी आमची नारळी-पोफळीची वाडी आडवी झाली आणि आजोबांनी बांधलेल्या कौलारू घराचे छप्पर गेले. वीज तर कित्येक दिवस नव्हती. आई इकडे सोलापुरात फोन लावून लावून थकून गेली होती. त्यानंतर मामांनी पत्रे आणि ताडपत्री यांवर वर्षे काढली. आता त्यांनी नवे घर बांधायला घेतले आहे. ते वादळात टिकावे आणि दिव्या-पंख्यापुरती वीज त्याच्याच छपरावर पडणाऱ्या उन्हातून मिळावी, अशी त्यांची इच्छा आहे.

दिवाळीच्या सुटीत मी तिकडे गेले, तेव्हा अभियंत्यांनी काढलेला आराखडा पडवीत पसरला होता. त्याच्या कोपऱ्यात दोन आकडे होते : एक वाऱ्याचा वेग आणि दुसरा दर चौरस मीटरवर दिवसाकाठी पडणाऱ्या उन्हाचा. मामांनी मला सहज विचारले की, पुढच्या पन्नास वर्षांत वारा किती जोराने वाहील, हे या माणसाला आधीच कसे ठाऊक? मी महाविद्यालयात शिकते, म्हणून मला ते ठाऊक असेल अशी त्यांची भाबडी समजूत. मला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर मी सरांना विचारले आणि सरांनी वहीत ते नाव लिहून दिले.

अन्नाबाईंचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या डोंगराळ गावी झाला. आठ भावंडांत त्या सातव्या. वडील स्थापत्य अभियंता होते आणि त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. घर सुखवस्तू. अशा घरांत मुलांनी मोठ्या हुद्द्यावर चढायचे आणि मुलींनी चांगल्या घरी पडायचे, ही रीत ठरलेली. या मुलीने मात्र आठव्या वर्षापर्यंत गावच्या वाचनालयातील जवळजवळ सारी मल्याळी पुस्तके वाचून काढली होती. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याची कर्णभूषणे पुढे आली, तेव्हा तिने ती नाकारली आणि त्यांऐवजी 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'चे खंड मागून घेतले. १९२५ मध्ये वायकोमच्या सत्याग्रहाच्या काळात गांधीजी त्या भागात आले. त्याचा परिणाम या लहान मुलीवर असा झाला की तिने खादी धरली.

मद्रासला त्यांनी पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय घेऊन पदवी मिळवली आणि १९४० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. तेथे त्यांना अभ्यासाला काय मिळाले असेल? हिरे! लहानपणी जे कानात घालायचे नाकारले, तेच आता भिंगाखाली आले. हिऱ्यातून प्रकाश कसा जातो, कोणता शोषला जातो, कोणता उलट बाहेर पडतो, याचा त्या छायाचित्रण-पट्टीवर आलेख घेत. एकेका आलेखासाठी पट्टी पंधरा-वीस तास उघडी ठेवावी लागे, म्हणून रात्रीच्या रात्री प्रयोगशाळेत जात. तीसहून अधिक हिरे त्यांनी असे तपासले. त्या प्रयोगशाळेत स्त्रिया मोजक्याच, आणि मुलामुलींनी आपसांत मोकळेपणी चर्चा करणे प्रशस्त समजले जात नसे. अशा एकाकीपणातही १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकट्याच्या नावावर पाच निबंध प्रसिद्ध केले.

ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. कारण एवढेच की त्यांच्यापाशी एम.एस्सी.ची पदवी नव्हती! पाच प्रसिद्ध निबंध एका पारड्यात आणि एक कागद दुसऱ्या पारड्यात. कागदाचे पारडे जड झाले. परीक्षेच्या अर्जावरील एका रकान्यापायी अडकून पडण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. अशा वेळी आपण काय करतो, ते आठवून पाहावे. अन्नाबाईंनी या गोष्टीची कधी तक्रार केली नाही. तो बांधीव प्रबंध आजही बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. इच्छा पदार्थविज्ञानाची, पण उपलब्ध होती ती जागा हवामानाच्या उपकरणांची. त्यांनी तीच घेतली. १९४८ मध्ये त्या परतल्या, तेव्हा देश स्वतंत्र झाला होता. त्या पुण्याला भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या. पुण्यात शिवाजीनगरला 'शिमला ऑफिस' म्हणून जे ठिकाण रिक्षावाल्यालाही माहीत असते, ते याच खात्याचे. बाई मल्याळी, पण त्यांच्या आयुष्यातले मोठे काम आपल्या पुण्यात सुरू झाले, ही गोष्ट आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

तेव्हाची स्थिती अशी की पाऊस मोजायचे साधे उपकरणसुद्धा विलायतेहून यायचे. अन्नाबाईंनी सुमारे शंभर हवामान-उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवले आणि ती येथेच बनू लागली. १९५३ साली त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ माणसे होती आणि ते सारे पुरुष होते! उपकरण तयार झाले की ते प्रमाण उपकरणाशेजारी ठेवून ताडून पाहायचे, चूक निघाली की परत धाडायचे, असा हा कामाचा प्रकार. चुकीची नोंद ठेवण्यापेक्षा नोंदच न ठेवलेली बरी, असे त्यांचे ठाम मत होते.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. त्या निमित्ताने त्यांनी देशात सूर्याचे ऊन मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. ऊन मोजायचे म्हणजे तापमान मोजायचे नव्हे. काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती असते. ती उन्हाने तापते, त्या उष्णतेतून अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो आणि त्यावरून चौरस मीटरवर किती ऊर्जा पडली ते कळते. काचेवर धूळ बसली तरी नोंद चुकते. १९६३ मध्ये विक्रम साराभाईंच्या विनंतीवरून त्यांनी थुंब्याच्या अग्निबाण-तळावर हवामानाची वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला. ओझोन मोजण्यासाठी फुग्याबरोबर आकाशात सोडायचे उपकरणही त्यांच्या देखरेखीखाली देशातच तयार झाले. १९७६ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रेला निघतात. या बाई वारा मोजायला निघाल्या! १९८० मध्ये भारतातील सौर ऊर्जेच्या नोंदींचा त्यांचा जाडजूड संदर्भग्रंथ प्रसिद्ध झाला. १९८३ मध्ये वाऱ्याच्या ऊर्जेचा ग्रंथ आला. त्यापुढे देशभर सातशेहून अधिक ठिकाणी वारा मोजण्याच्या कार्यक्रमाला त्यांनी दिशा दिली. बंगलोरला त्यांनी ऊन आणि वारा मोजणाऱ्या उपकरणांचा एक छोटा कारखानाही काढला. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नाही. मागे राहिले ते आकड्यांचे तक्ते.

हे तक्ते रुक्ष वाटतील. मलाही वाटले होते. परंतु मामांच्या घराकडे पाहताना त्यांचा अर्थ कळू लागला. इमारतींसाठी भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा नकाशा आहे. त्यात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबईसाठी ४४ मीटर असा वेग धरला आहे. फरक केवळ पाचाचा. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून भिंतीवरचा आणि छपरावरचा भार सव्वापटीहून अधिक होतो. हा नकाशा काही एकट्या अन्नाबाईंचा नव्हे; हवामान खात्याच्या अनेक माणसांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींवर तो उभा आहे. परंतु वाट्या फिरवून वारा मोजणारे उपकरण पाचाने चुकीचे असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. कोकणातल्या एखाद्या घराचे छप्पर त्या चुकीपायी उडाले असते आणि दोष मात्र गवंड्याच्या माथी आला असता.

वादळ छप्पर दाबून पाडते, असा माझा समज होता. प्रत्यक्षात वारा छपरावरून वेगाने जाताना ते वर खेचतो आणि फुटलेल्या खिडकीतून आत शिरलेला वारा त्याला खालून रेटतो. म्हणून मामांच्या घराचे छप्पर चारी बाजूंनी उतरते घेतले आहे, वळचण आखूड ठेवली आहे, आणि प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने खालच्या तुळईला बांधला आहे. पडवीचे छप्पर वेगळे आहे; गेलेच तर ते एकटे जाईल, घराचे ओढून नेणार नाही. सौर पट्ट्यांचा सांगाडा पत्र्याला नव्हे, तर खांबांपर्यंत बोल्टांनी आवळलेला आहे. उन्हाचेही तसेच. आमच्या सोलापूरचे चैत्र-वैशाखातले ऊन पाहून कोकणातला हिशेब केला तर आषाढात दिवा लागायचा नाही. महिन्यामहिन्याची सरासरी पाहूनच पट्ट्या किती आणि बॅटरी केवढी, हे ठरले. बॅटरी हवीच, कारण ती नसेल तर बाहेरची वीज गेल्याबरोबर छपरावरची साधी यंत्रणाही बंद पडते, आणि वादळात आधी जाते ती बाहेरचीच वीज.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आकड्यांशी आपले वैर, असे आपण कौतुकाने सांगतो. मीही सांगत असे. हिऱ्यांऐवजी ग्रंथ मागणाऱ्या त्या मुलीची हकीकत वाचल्यापासून मी तसे सांगणे सोडले आहे.

परवा मामांना फोनवर हे सारे सांगितले. त्यांनीही प्रथम हे अण्णा कुठल्या गावचे, म्हणून विचारले! मग सगळे ऐकून घेतले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मामींकडून कळले की मामा सकाळीच शिडी लावून वर चढले होते. एकेका वाशाची पट्टी त्यांनी हाताने हलवून पाहिली. मागच्या बाजूच्या दोन सैल निघाल्या. गवंड्याला बोलावून त्या त्यांनी आपल्यासमोर पुन्हा आवळून घेतल्या.