४८ व्या वर्षी हातात कॅमेरा आला आणि वर्षभरात बाईंनी फोटो विकायलाही काढले

फोटो काढणारं माणूस आता घरटी एक तरी असतंच. कोणी ट्रेकला जाऊन सूर्योदय टिपतो, कोणी वारीत जाऊन चेहरे टिपतो. पोस्ट टाकली की कमेंटमध्ये कोणीतरी हमखास लिहितं, भारी आलाय, प्रिंट काढून विक की.

विचार डोक्यात शिरतो आणि मागोमाग चार प्रश्न येतात. विकायचे कुठं? किंमत किती लावायची? कोणी फुकटात उचलून छापले तर काय करायचं? आणि या धंद्यात मुरलेली माणसं आपल्याला हसली तर?

हेच चार प्रश्न १६० वर्षांपूर्वी एका बाईसमोर होते. फोटोग्राफीच्या इतिहासात आज तिचं नाव पहिल्या फळीत घेतलं जातं, पण सुरुवात केली तेव्हा ती निव्वळ हौशी होती. आडनाव मात्र कामाला शोभेल असंच होतं. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन.

जन्म कलकत्त्याचा, नवरा कायदेपंडित

ज्युलियांचा जन्म ११ जून १८१५ चा, कलकत्त्यातला. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी, आई फ्रेंच घराण्यातली. १८३८ मध्ये कलकत्त्यातच त्यांचं लग्न चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी झालं. चार्ल्स त्यांच्यापेक्षा २० वर्षांनी मोठे होते.

हे चार्ल्स म्हणजे साधं प्रस्थ नव्हतं. मेकॉलेच्या कायदा आयोगात त्यांनी काम केलं होतं. याच आयोगानं भारतीय दंड संहितेचा मसुदा तयार केला. मराठी पेपरात वर्षानुवर्षं आपण ज्या भादंविची कलमं वाचत आलो, त्याच्या मुळाशी ज्युलियांच्या नवऱ्याचाही हात होता.

१८४८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला परतलं. १८६० मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटर इथं त्यांनी घर घेतलं. शेजारी कोण, तर इंग्लंडचे राजकवी टेनिसन. घराचं नाव ठेवलं डिंबोला, सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, आपल्या कॉफीच्या मळ्यावरून.

मळ्याचं नाव लक्षात ठेवा, कारण पुढची बरीचशी गोष्ट त्या कॉफीमुळेच घडते.

लेकीनं दिलेली भेट

डिसेंबर १८६३. नवरा मळे बघायला सिलोनला गेलेला, मुलंही आपापल्या वाटेला. आई एकटी पडते म्हणून लेक आणि जावई यांनी त्यांना एक कॅमेरा भेट दिला. आईचा वेळ जावा, एवढाच हेतू. ज्युलिया तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या.

फोटोग्राफी त्यांना अगदीच अनोळखी नव्हती. थोर शास्त्रज्ञ जॉन हर्शेल त्यांचे जुने स्नेही. फोटोग्राफीचा शोध नवा नवा होता, तेव्हा हर्शेल यांनी भारतात त्यांच्याकडे काही नमुने पाठवले होते. पण स्वतः फोटो काढणं हे प्रकरण वेगळं होतं.

तो काळ वेट कोलोडियन पद्धतीचा. म्हणजे काचेवर कोलोडियन नावाचं चिकट रसायन पसरायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. समोरच्या माणसानं काही मिनिटं हलायचं नाही. मग त्या निगेटिव्हवरून अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर उन्हात प्रिंट काढायची. हात काळे पडायचे, कपड्यांवर डाग पडायचे. घरंदाज बायकांनी असं काही करायची पद्धत नव्हती.

ज्युलियांनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली. कोंबड्यांसाठी बांधलेल्या काचेच्या खुराड्यातून कोंबड्या बाहेर काढल्या आणि त्याचा स्टुडिओ केला. जानेवारी १८६४ मध्ये ॲनी फिलपॉट नावाच्या लहान मुलीचा फोटो मनासारखा आला. आनंद इतका की त्याच दिवशी त्यांनी तो धुऊन, छापून, फ्रेम करून मुलीच्या वडिलांना भेट दिला.

हौस होती, मग विकायची वेळ का आली?

कॅमेरॉन कुटुंब वरच्या वर्तुळात वावरणारं होतं, पण हातात पैसा खेळत नव्हता. सगळी भिस्त सिलोनच्या कॉफीवर आणि कॉफी काही मनासारखं उत्पन्न देत नव्हती. स्वतःची सहा मुलं, शिवाय घरात सांभाळलेली इतर मुलं. पाहुण्यांचा राबता कायम. त्यात फोटोग्राफी म्हणजे खर्चाचं काम. काचा, रसायनं, सिल्व्हर, कागद, सगळं विकतचं. एक फोटो जमायला किती काचा वाया जायच्या, त्याचा हिशोब वेगळाच.

म्हणजे हौस जोपासायची तर ती हौसच पैसे मिळवून देणारी हवी होती. शिवाय घरालाही हातभार लागणार होता.

पण एक अडचण होती. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हौशी आणि धंदेवाईक अशी सरळ विभागणी होती. हौशी म्हणजे खाऊनपिऊन सुखी घरातला, कलेसाठी फोटो काढणारा. धंदेवाईक म्हणजे स्टुडिओ थाटून गिऱ्हाईक बसवणारा. ज्युलियांनी मधलीच वाट धरली. स्टुडिओ थाटला नाही, गिऱ्हाइकांची रांग लावली नाही. ज्यांचे फोटो काढावेसे वाटले त्यांचेच काढले आणि ते चित्रकारानं चित्र विकावं तसे विकले.

त्यांनी नेमकं केलं काय?

पहिलं काम म्हणजे हक्क नोंदवणं. इंग्लंडमध्ये १८६२ साली आलेल्या कायद्यानं फोटोलाही कॉपीराइटचं संरक्षण मिळालं होतं. ज्युलियांनी १८६४ च्या मे महिन्यापासूनच आपले फोटो नोंदवायला सुरुवात केली. हातात कॅमेरा येऊन तेव्हा अर्धं वर्षही झालं नव्हतं. पुढच्या ११ वर्षांत त्यांनी ५०० हून जास्त फोटो नोंदवले. तेव्हा नामवंतांच्या फोटोंची नक्कल करून विकणाऱ्यांचा सुळसुळाट होता, त्यामुळे हे शहाणपणाचंच होतं. आज कोणती प्रतिमा नेमकी कधीची, हे अभ्यासकांना कळतं तेही बऱ्याच अंशी याच नोंदींमुळे.

दुसरं काम म्हणजे दुकान निवडणं. लंडनमधली कोलनागी ही चित्रं आणि छापील कलाकृती विकणारी जुनी, नामांकित पेढी. ज्युलियांनी १८६४ मध्येच आपल्या प्रिंट्स तिथं विक्रीला ठेवायची व्यवस्था केली. फोटो स्टेशनरीच्या दुकानात ठेवला तर तो स्टेशनरीच्या भावानं जातो आणि चित्रांच्या पेढीत ठेवला तर लोक त्याच्याकडे चित्र म्हणून बघतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

तिसरं, आपला माल इतरांसारखा नाही हे दिसू देणं. तेव्हा बाजारात तळहातावर मावतील अशा छोट्या कार्ड फोटोंची लाट होती. उभं माणूस, मागे पडदा, बाजूला खांब, सगळं स्वच्छ आणि रेखीव. ज्युलियांनी मोठ्या काचा वापरल्या, कॅमेरा चेहऱ्याजवळ नेला आणि फोकस मऊ ठेवला. फोटो मोठा करून छापलेला नाही, मूळ आकाराचाच आहे, हेही त्या प्रिंटखाली स्वतःच्या हातानं लिहायच्या.

चौथं, सही. टेनिसन, हर्शेल, कार्लाइल, डार्विन ही त्या काळची बडी नावं त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसली. ज्युलिया या मंडळींकडून प्रिंटवर सह्या घ्यायच्या, कारण सही असलेली प्रिंट जास्त भावानं जायची. १८६८ च्या उन्हाळ्यात डार्विन कुटुंब फ्रेशवॉटरला त्यांच्याच जागेत भाड्यानं राहिलं, तेव्हा डार्विन यांचा फोटो निघाला. आपल्या इतर सगळ्या फोटोंपेक्षा हा आवडला, असा अभिप्राय डार्विन यांनी दिला आणि बाईंनी तो अभिप्राय प्रिंटखाली छापून टाकला. आज ज्याला रिव्ह्यू म्हणतात, तोच हा प्रकार.

तज्ज्ञ मात्र नाकं मुरडत होते

फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी त्यांना चांगलंच झोडपलं. फोकस नीट नाही, काचेवर ओरखडे आहेत, बोटांचे ठसे दिसतात, रसायनाचे ओघळ तसेच ठेवलेत. थोडक्यात, बाईंना तंत्र येत नाही.

या आरोपात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. त्यांच्या प्रिंट्सवर डाग होतेच. पण मऊ फोकस त्यांनी जाणूनबुजून ठेवला होता. प्रत्येक केस मोजता यावा यापेक्षा माणसाचं मन चेहऱ्यावर दिसावं, असं त्यांना वाटायचं. परदेशात त्याची कदरही झाली. १८६६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमनंही, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं, १८६५ मध्येच त्यांचे फोटो विकत घेतले आणि मांडले. १८६८ मध्ये याच म्युझियमनं त्यांना स्टुडिओ म्हणून वापरायला दोन खोल्या दिल्या. त्याच वर्षी लंडनच्या जर्मन गॅलरीत त्यांनी मोठं प्रदर्शन भरवलं.

फोटो विकत घ्यायला आलेला पोरगा पुढं मुंबईत आला

ज्युलियांच्या घरी मेरी रायन नावाची आयरिश मुलगी होती. लहानपणी आईसोबत भीक मागताना ती ज्युलियांना भेटली होती. त्यांनी तिला घरी आणलं, शिकवलं, घरकामाला ठेवलं आणि पुढे तिचे फोटोही काढले.

१८६५ मध्ये कोलनागीकडे प्रदर्शन लागलं, तेव्हा हेन्री कॉटन नावाचा तरुण ते बघायला आला आणि मेरीच्या प्रेमात पडला. त्यानं तिचे फोटो विकत घेतले आणि दोनेक वर्षांनी रीतसर मागणी घातली. १८६७ मध्ये दोघांचं लग्न झालं. कॉटन सनदी अधिकारी म्हणून भारतात आले आणि पुढे आसामचे चीफ कमिशनर झाले. हिंदी लोकांच्या बाजूनं बोलणारा इंग्रज अशी त्यांची ओळख होती. १९०४ मध्ये मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष हेच सर हेन्री कॉटन.

मग पैसे मिळाले का?

नाव मिळालं, पैसे फारसे नाही.

एक तर खर्च अफाट होता. दुसरं, बाईंचा हात सढळ. ज्या प्रिंट्स विकायच्या त्यांचेच आख्खे अल्बम त्या स्नेह्यांना भेट देऊन टाकायच्या. तिसरं, रसायनांनी दगा दिला. १८६९ च्या सुमारास त्यांच्या उत्तमोत्तम निगेटिव्हवरच्या थराला बारीक तडे जायला लागले. विकायच्या मालाचा साचाच तडकला म्हटल्यावर नवीन प्रिंट काढणार कशी? त्यांनी फोटोग्राफिक सोसायटीत जाऊन जाणत्यांना कारण विचारलं, पण गेलेलं परत आलं नाही.

त्याच वर्षी सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला. या रोगानं पुढच्या काही वर्षांत तिथली कॉफी संपवली.

शेवटचा मोठा प्रयत्न त्यांनी १८७४ मध्ये केला. टेनिसन यांच्या आयडिल्स ऑफ द किंग या काव्यासाठी फोटो काढायचं काम आलं. बाईंनी शेकड्यानं काचा खर्ची घातल्या. पुस्तकात मात्र तीनच फोटो आले, तेही लहान करून लाकडी ठशावरून छापलेले. मग त्यांनी मूळ फोटो चिकटवलेली मोठ्या आकाराची आवृत्ती स्वतःच काढली आणि किंमत ठेवली सहा गिनी. नाव झालं, पण घराची घडी काही त्यातून बसली नाही.

१८७५ मध्ये नवरा-बायको सिलोनला निघाले. मुलं तिथं होती, खर्च कमी होता आणि चार्ल्स यांचा जीव तिथंच अडकलेला होता. बंदरावर हमालांना द्यायला सुटे पैसे नव्हते, तेव्हा बाईंनी त्यांना बिदागी म्हणून फोटोच दिले, असा किस्सा सांगितला जातो. सिलोनमध्ये त्यांनी मोजकेच फोटो काढले. २६ जानेवारी १८७९ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं.

यातून काय घ्यायचं?

सुरुवातीच्या चार प्रश्नांपैकी तिघांची उत्तरं ज्युलियांच्या कामात सापडतात. विकायच्या आधी हक्क नोंदवा. आपल्या कामाला साजेशी जागा निवडा. आणि टीका करणारा चूक दाखवतोय की आपली शैलीच त्याला खुपतेय, हे ओळखायला शिका.

चौथा प्रश्न किमतीचा. तिथं मात्र बाईंचा हिशोब चुकला. काच किती, कागद किती, वाया किती आणि भेट म्हणून वाटलं किती, हे मांडल्याशिवाय प्रिंटची खरी किंमत कळत नाही. हौस घर चालवेल अशी आशा त्यांनी दहा-अकरा वर्षं धरली, पण हौशीनं जेमतेम स्वतःचाच खर्च भागवला असेल.

त्यांच्या निधनानंतर फोटो मागे पडले. १९२६ मध्ये त्यांच्या भाचीची मुलगी, म्हणजेच लेखिका व्हर्जिनिया वुल्फ, हिनं रॉजर फ्रायसोबत त्यांच्या फोटोंचं पुस्तक काढलं आणि नव्या पिढीला हे काम दिसलं. आज एकट्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे त्यांच्या ९०० हून अधिक प्रिंट्स आहेत. डाग, ओरखडे आणि बोटांचे ठसे तसेच आहेत.