हॅडलीचा पडका किल्ला

सॉईल मेकॅनिक्सच्या लेक्चरला 'स्लोप फेल्युअर' आलं की मला एक चित्रकार आठवतो. हसू नका, खरंच! इंग्लंडमध्ये थेम्सच्या मुखाशी एका टेकडीवर तेराव्या शतकातला हॅडलीचा किल्ला आहे. खालची चिकणमाती सरकत राहिली, सोळाव्या शतकात मालकाने दगडही काढून नेले. आता उभे आहेत ते पडके बुरूज.

जॉन कॉन्स्टेबल (१७७६-१८३७) हा सफोकमधल्या गिरणीमालकाचा मुलगा. त्या काळी भग्न किल्ले रंगवायची जाम फॅशन होती. हा मात्र आपल्या गावची नदी, गिरणी आणि वरचे ढग रंगवत बसायचा.

१८०९ पासून त्याचं मारिया बिकनेलवर प्रेम. तिचे आजोबा गावचे धर्मगुरू. त्यांचा साफ विरोध, कारण पोराची कमाई नाही! त्याच वाट बघण्याच्या दिवसांत, १८१४ मध्ये, त्याने हॅडली पाहिला, खिशातल्या वहीत पेन्सिलीने उतरवला आणि मारियाला पत्रातून कळवलं. लग्न झालं १८१६ मध्ये, वडील वारल्यावर धंद्यातला वाटा मिळाला तेव्हा. तो चाळीस वर्षांचा होता.

मग सात मुलं, आणि मारियाचा क्षय. मार्च १८२८ मध्ये तिचे वडील वीस हजार पौंड ठेवून गेले. पैशाची चिंता कायमची मिटली. नोव्हेंबरमध्ये मारिया गेली. धाकटं मूल वर्षाचंही नव्हतं.

त्यानंतर त्याने ती पंधरा वर्षांपूर्वीची वही उघडली. फेब्रुवारी १८२९ मध्ये रॉयल अकॅडमीने त्याला पूर्ण सभासद केलं, तेही एका मताने! वय बावन्न. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं, पण घरी सांगायला ती नव्हती. त्याच वर्षी 'हॅडली कॅसल' प्रदर्शनात लागलं: वादळी रात्रीनंतरची सकाळ, वरपासून खालपर्यंत भेगाळलेला बुरूज, कुत्र्यासोबत एक मेंढपाळ, दूर पाण्यावर ढगांतून उतरलेला उजेड. फॅशनवाल्यांच्या किल्ल्यात राजे-सरदारांची भुतं असतात. इथे तसं कोणी नाही, नुसता वारा.

पक्कं चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्याआधी त्याच मापाचा एक कच्चा खर्डा केलेला, तो लंडनच्या टेट गॅलरीत. मी दोन्ही स्क्रीनवरच पाहिलीत. पक्क्यात सगळं नीट आहे. खर्ड्यात रंग अक्षरशः थापलाय, जणू हाताला थांबता येत नव्हतं. मला तोच जास्त आवडतो.